सोल्युशन वाळेपर्यंत

आमच्या फाट्यावर आबांची पंक्चरची टपरी होती, तोवर आसपासच्या सात गावांत कुणाला कशाचा तपास करायची गरज पडली नाही. सासूला न सांगता गाठलेलं माहेर, ऑफिसला न सांगता घेतलेली सुट्टी, बायकोला न सांगता घेतलेलं आणखी काही, सगळं आबांच्या घमेल्यात वर यायचं. बुडबुड्यासारखं. एखादं प्रकरण अडलं की हवालदारसुद्धा संशयिताला त्याच्या सायकलीसकट आबांपुढे बसवायचे, असं मी गेली कित्येक वर्षं सांगतोय आणि अजून कुणी मला खोटं पाडलेलं नाही.

फाटा म्हणजे खुटबावकडून राहूकडे जाताना मध्ये लागतो तो. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथे मला परत चहा मिळणार नाही.

आबा अंगाने सायकलच्या तारेएवढे. दौंडच्या रेल्वेत असलेल्या मेव्हण्याचा निळा शर्ट, त्यात दोन आबा बसतील एवढा. हातांना सोल्युशन इतकं मुरलेलं की भाकरी बोटांना चिकटून बसायची, म्हणून आबा भाकरी चमच्याने खात. बायको गेल्यापासून टपरी हेच घर. आत एक गोधडी, एक स्टोव्ह आणि छताला टांगलेल्या जुन्या ट्यूबा. बाहेर साखळीने बांधलेला पंप आणि त्याच्यावर खडूने लिहिलेली पाटी : 'हवा फुकट. खरं बोलणाऱ्याचं पंक्चर लगेच.'

पाण्याचं घमेलं हा त्यांच्या लेखी नवशिक्यांचा प्रकार. ते फुगवलेली ट्यूब डोळ्याच्या पापणीजवळून हळूहळू फिरवायचे. पापणी लवली की पंक्चर तिथेच. मग पाण्यात बुडवायचे ते फक्त गिऱ्हाइकासाठी. "तुमच्या समाधानाला बुडवतो," म्हणायचे. एकदा खुटबाव स्टेशनात डेमू थांबली, तेव्हा इकडे टपरीत बसल्या बसल्या आबांनी कान टवकारले आणि म्हणाले, "तिसऱ्या डब्यात सायकल हाय. मागच्या चाकाचा व्हॉल गळतोय." मी धावत जाऊन बघितलं. डेमू निघून गेली होती. पण गळत असणारच.

खरी कमाल पुढे. टायरमधून निघालेला काटा ते चिमट्यात धरून उन्हात फिरवायचे आणि सांगायचे कुठला. सराटा असेल तर माणूस डांबरी सोडून माळावर गेला होता. बैलाच्या नालेचा खिळा म्हणजे ऊसतोडीच्या गाड्यांच्या मागे होता. निळसर लोखंडी भुगा असला की शिरूरकडच्या कारखान्यांत, काळी खडीची कपची असली की दौंडच्या रेल्वे लायनीला. काट्यावरून ते गाव सांगत, गावावरून रस्ता, आणि रस्त्यावर कुणाचं घर लागतं तेही. तेवढं मात्र ते मनात सांगत.

आता आबांचा नियम. ज्यांनी कधी पंक्चर काढलंय त्यांना माहीत आहे की ट्यूब खरवडून सोल्युशन लावलं की ठिगळ लगेच चिकटवायचं नसतं. दोन मिनिटं वाळू द्यायचं. बाकीचे पंक्चरवाले त्या दोन मिनिटांत तंबाखू मळतात. आबा त्या दोन मिनिटांत खरं बोलायला लावायचे.

"काटा कुठं लागला?" एवढाच प्रश्न. उत्तर खरं असेल तर ठिगळ बसायचं, वर लाकडी ठोकळा, त्यावर हातोडीचा एक ठोका, झालं. खोटं असेल तर आबा ठिगळ दोन बोटांत धरून नुसते बसून राहायचे. सोल्युशन सुकून जायचं. मग खरवडून पुन्हा नवं सोल्युशन, पुन्हा दोन मिनिटं, पुन्हा तोच प्रश्न. राहूच्या एका गुऱ्हाळवाल्याने सकाळी नऊला ट्यूब टाकली आणि पाचला खरं बोलला. तोवर त्याची गुळाची काहिल करपली.

"आबा, गिऱ्हाइकाच्या खऱ्याखोट्याशी तुम्हाला काय करायचंय?" एकदा मी विचारलं.

"मला काय करायचंय?" आबा म्हणाले. "ह्यात कामाचा सवाल हाय. खोटं बोलताना मानसाचं बूड हालतंय. बूड हाललं की बाकडं हालतंय. बाकडं हाललं की माझा हात. ठिगळ वाकडं बसतंय."

आमच्या शाळेवर एक गुरुजी होते. श्रावण बाराही महिने पाळणारे. डब्यात कांदा दिसला तर पोराला वर्गाबाहेर बसवायचे. एका दुपारी ते सायकल ढकलत टपरीवर आले. मी तिथे चहा पीत होतो, हे त्यांचं दुर्दैव.

"कुठनं येनं झालं गुरुजी?"

"दौंडला ट्रेनिंग होतं. तिथून सरळ."

"सरळ?"

"अगदी सरळ."

आबांनी टायरमधून बोटाच्या पेराएवढा पांढरा काटा काढला. त्याला दोन्ही बाजूंनी करवतीसारखे दात. उन्हात धरला, हुंगला, सोल्युशन लावलं आणि ठिगळ धरून बसले. सोल्युशन वाळलं. पुन्हा खरवडलं. पुन्हा लावलं.

"गुरुजी, ट्रेनिंगला आताशा शिंगटा देत्यात व्हय जेवायला?"

"शिंगटा? म्हणजे काय?"

"मासा. नदीतला. ह्यो त्याचा काटा हाय. राहूच्या फुडं नदीला एक खानावळ हाय, तिथं मागल्या अंगाला टाकत्यात. सायकली बी मागल्याच अंगाला लावत्यात. म्होरनं दिसायला नको म्हनून."

तिसऱ्यांदा सोल्युशन लागलं तेव्हा गुरुजींना घाम फुटला. चौथ्यांदा लागलं तेव्हा ते माझ्याकडे पाठ करून पुटपुटले, "आबा, रस्साच होता नुसता. तुकडा एकच."

ठिगळ बसलं. ठोका पडला. आबांनी काटा कागदात गुंडाळून पुडी गुरुजींच्या हातात दिली. हा दुसरा नियम. ज्याचा काटा त्याला परत. "जपून ठेवा. आन् गुरुजी, एका तुकड्याचा काटा येवढा आसल तर मासा नदीत मावला कसा?"

आबांनी हे मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. गावात जे पसरलं ते माझ्यामुळे.

माझं आणि आबांचं नातं सांगायचं तर, मी तेव्हा ग्रामपंचायतीत कॉम्प्युटर ऑपरेटर होतो. दाखले काढायचे, फोटो चढवायचे, नोटिसा टाइप करायच्या. माझं बोलणं थोडं फुगीर, असं गावाचं मत. त्यामुळे मी आबांपुढे गिऱ्हाईक म्हणून कधी बसलोच नाही. मोटारसायकल घेतली तीसुद्धा ट्यूबलेस. आबांनी तिच्या टायरला टिचकी मारली.

"ट्यूब कुठंय?"

"ट्यूब नसतेच आबा याला."

"मंग आत काय?"

"हवा."

"निस्ती हवा?"

"निस्ती हवा."

"तुला शोभती," आबा म्हणाले आणि कामाला लागले. तेव्हापासून ज्याच्या बोलण्याच्या आत काही नाही त्याला ते ट्यूबलेस म्हणत. या यादीत माझ्याही वर एकच नाव होतं, ते सरपंचांचं.

सरपंच आमचे उत्साही. कुठलाही उपक्रम निघाला की तो आमच्याकडे आधी व्हायचा आणि कशासाठी ते नंतर ठरायचं. एके दिवशी त्यांनी जाहीर केलं की रविवारी गावातून सायकल फेरी. इंधन वाचवा, आरोग्य कमवा. जिल्ह्याचे मोठे साहेब स्वतः सायकल चालवणार. शाळेपासून फाट्यापर्यंत दोन किलोमीटर, फाट्यावर मांडव, भाषण, फोटो.

"सायकली कुठून आणायच्या?" मी विचारलं. गावात पुढाऱ्यांकडे चारचाक्या होत्या, सायकल एकाकडेही नव्हती.

"शाळेच्या पोरींना सरकारकडनं मिळाल्यात की जांभळ्या. एक दिवस पोरी चालत्याल. चालनं बी आरोग्यच हाय."

अशा अठ्ठावीस जांभळ्या सायकली जमा झाल्या. मग सरपंच फाट्यावर उभे राहून डोळा बारीक करून मांडवाचा फोटो कसा येईल ते बघू लागले आणि त्यांना मध्येच आबांची टपरी दिसली. टांगलेल्या ट्यूबा, काळं घमेलं, खडूची पाटी. "हे फोटुत नको," ते म्हणाले.

नोटीस मी टाइप केली. 'सदर टपरी सार्वजनिक रस्त्यालगत असून गावाच्या शोभेस बाधा आणणारी आहे. रविवारी सकाळपर्यंत न हलविल्यास जेसीबीने उचलण्यात येईल.' द्यायलाही मीच गेलो. आबांचा चष्मा तुटला होता, वाचूनही मीच दाखवली.

"शोभा म्हंजी?"

"म्हणजे... चांगलं दिसणं."

"कुनाला?"

"पाहुण्यांना. सायकलवर येणारेत."

"सायकलवर येनार, आन् सायकलीचं दुकान दिसलं की त्यांची शोभा जानार." आबांनी नोटीस हातात घेतली. "जवा हितं बसलो तवा रस्ता बी कच्चा व्हता. उचलून ठिवनार कुठं, ते लिव्हलंय का?"

"ते लिहायचं राहून गेलं आबा."

"राहून गेलं?"

मी बाकावर बसलो होतो. बाक हललं. आबांनी फक्त बाकाकडे बघितलं, नोटिशीची घडी केली आणि ट्यूबला लावायच्या पावडरच्या डब्यात ठेवून दिली.

शनिवारी सरपंचांचं फर्मान आलं. रस्ता आरशासारखा पाहिजे. दोन्ही बाजूंनी वेडी बाभूळ रस्त्यावर झुकलेली, आणि झाडायला माणूस एक मिळेना. पण डोकं माझं. चुलत्याचा ट्रॅक्टर काढला, फांद्या तोडल्या, साखळीने ट्रॅक्टरच्या मागे बांधल्या आणि शाळेपासून फाट्यापर्यंत फरफटत नेल्या. झाडही छाटलं, रस्ताही झाडला, फांद्याही हलल्या. धुरळा, पाचट, शेण, सगळं बाजूला. संध्याकाळी टपरीसमोरून गेलो तेव्हा आबांनी हात वर केला. मीही केला. मागे वळून बघितलं तर रस्ता असा चकचकीत की वरून जाणाऱ्या विमानाला धावपट्टी वाटावी.

रविवारी सकाळी जेसीबी टपरीमागे येऊन उभा राहिला. ड्रायव्हर बिहारचा. त्याला सांगितलं होतं, फेरी आली, फुलं उधळली, की फोटोआधी टपरी उचलायची. टपरीतली गोधडी आबांनी बाहेर आणून ठेवली होती. एवढीच त्यांची तयारी.

फेरी निघाली. पुढे मोठे साहेब, हेल्मेट घालून. त्यांच्यामागे सरपंच, पुढच्या जाळीच्या टोपलीत स्वतःचा फेटा ठेवून. मग सदस्य, माजी सदस्य, सदस्य होऊ इच्छिणारे. मी मोटारसायकलवर, व्हिडिओ काढत. पहिला किलोमीटर घोषणांत गेला. नंतर घोषणांच्या मध्ये मध्ये फुस्स असा आवाज यायला लागला. आधी एकाचा. मग दोघांचा. मग कुणी नागाचं वारूळ फोडावं तसा फूत्कार उठला. माजी उपसरपंचांचं वजन नुसत्या रिंगेवर आलं. फाटा आला तेव्हा अठ्ठावीसच्या अठ्ठावीस सायकली पायीच आल्या होत्या.

थांबल्या त्या बरोबर टपरीसमोर.

सरपंचांना दोन सेकंद लागले. "सायेब, बघा! नोटीस दिली म्हणून सूड घेतला म्हाताऱ्यानं! सगळ्या रस्त्यानं काटं पेरलं. आता टपरीच काय, ह्यालाबी उचला!"

"आजोबा," साहेब म्हणाले, "खरं आहे का हे?"

"ते मी सांगून काय उपेग साहेब? आधी ट्यूब काढू द्या." आबांनी घमेल्यात पाणी ओतलं. "लायनीत या."

साहेबांची सायकल पहिली. आबांनी काटा काढला, उन्हात धरला. मी मागे सरकलो.

"वेडी बाभळ. वली हाय, कालच तोडल्याली. बुडाला साल सोललीय. म्हंजी काटा कुनी टाकला न्हाई. फांदी कशाच्यातरी मागं फरफटत आलीय." त्यांनी सोल्युशन लावलं. "साहेब, तुमी कुठनं कुठवर आले?"

"शाळेपासून इथवर. सायकलने."

ठिगळ हवेतच राहिलं.

साहेब घसा खाकरले. "चढाला थोडी ढकलली."

ठिगळ बसलं. लोक हसले. साहेबही हसले आणि बाकावर बसूनच राहिले. पुढे काय होतंय ते त्यांनाही बघायचं होतं.

मग सरपंचांची ट्यूब. सोल्युशन लावून आबांनी तोच प्रश्न टाकला. "सरपंच, रस्त्यावर काटं कुनी आनलं?"

"तुम्ही!"

"मंग बसा."

आबा ठिगळ धरून बसले. बाकीच्यांच्या ट्यूबा टपरीसमोर रांगेने पडल्या होत्या. ऊन चढलं. मांडवातली फुलं मान टाकू लागली. साहेबांना पुढे शिरूरला जायचं होतं, त्यांचा फोन सारखा वाजत होता. सरपंचांच्या ट्यूबवर तिसरं सोल्युशन लागलं. जेसीबीचा ड्रायव्हर ओरडला, "चाचा, टपरी उठानी है कि नहीं? मेरा दूसरा काम है!"

"रुको बेटा," आबा म्हणाले, "सोल्युशन सूखने दो."

एवढ्या वेळात आबांनी एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. तेच मला सहन होईना. काल संध्याकाळी त्यांनी हात वर केला होता. ट्रॅक्टर बघितला होता, फांद्या बघितल्या होत्या. एक शब्द बोलले असते तर टपरी तिथेच वाचली असती. पण ज्याचा काटा त्याला परत, हा त्यांचा नियम. दुसऱ्याचा काटा ते स्वतःच्या तोंडाने कसा देतील? आणि माझी नोकरी सरपंचांच्या सहीवर. सरपंच माझ्याकडे बघून बुबुळं अशी फिरवत होते की ती निखळून टोपलीतल्या फेट्यात पडतील.

"आबा," मी म्हणालो, "म्याच ओढल्या फांद्या."

सगळा फाटा माझ्याकडे वळला. आबा नाही वळले. त्यांनी ठिगळ तसंच धरलं होतं.

"कुनी सांगितलं?"

"सरपंचांनी रस्ता झाडायला सांगितला. फांद्या बांधून ओढायची अक्कल माझी."

"किती व्हत्या?"

"दोन-अडीचशे असतील."

ठिगळ जागचं हललं नाही.

"शंभर..."

सोल्युशन वाळत चाललं होतं.

"आबा, तीसेक..."

आबांनी पहिल्यांदा वर बघितलं. डोळ्यांत राग नव्हता. ट्यूबचं भोक शोधताना जसं बघत तसंच बघत होते.

"आठ," मी म्हणालो. "चार ह्या अंगाच्या, चार त्या अंगाच्या. आठ, आबा."

ठिगळ बसलं. ठोकळा, ठोका.

साहेब उठले. "सरपंच, आणि ती नोटीस कुणी काढली?"

"ते ह्या ऑपरेटरनं चुकून टाइप केलं सायेब. आमाला म्हाईतच न्हाई."

आबांनी आत्ताच बसवलेल्या ठिगळाची कड नखाने अलगद उचलली.

सरपंच त्या कडेकडे बघत म्हणाले, "...मी सांगितली."

कड पुन्हा दाबली गेली. साहेबांनी जेसीबीकडे हात केला आणि ड्रायव्हर मागच्या मागे निघून गेला, जाताना दोन खांब मांडवाचे घेऊन.

अठ्ठावीस ट्यूबा निघेपर्यंत चार वाजले. प्रत्येकाला विचारलं, प्रत्येकजण बोलला. एवढं खरं आमच्या गावात ना आधी एका दिवसात बोललं गेलं, ना नंतर. पोरी सायकली न्यायला आल्या, त्यांना आबांनी काहीच विचारलं नाही. नुसती हवा तपासून दिली. "पोरी दिल्या रस्त्यानं जात्यात," म्हणाले.

आठवड्याभरात टपरीवर नवा बोर्ड लागला. 'उपक्रमशील गाव : आपली टपरी, आपला अभिमान', शेजारी सरपंचांचा फोटो. आबांनी फक्त खडूची पाटी बरोबर त्या फोटोच्या खाली सरकवली. माझी नोकरी पुढच्या महिन्यात गेली. आता मी दौंडात प्लॉट दाखवतो. तिथे माझ्या बोलण्याला मागणी आहे.

आबा जाऊन दोन वर्षं झाली. टपरीच्या जागी ट्यूबलेसवाला बसतो. टायरमध्ये दोरी खुपसतो, मशिनने हवा मारतो, कुठून आलात ते विचारत नाही. मला तो सोयीचा आहे, पण बाकावर बसलो की अजून बूड हलतं.

त्या दिवशी चारनंतर आबांनी मलाही बोलावलं होतं. "ऑपरेटर, हे तुझं." अठ्ठावीस काट्यांना पुड्या बांधायला कागद नव्हता, म्हणून त्यांनी पावडरच्या डब्यातली नोटीस फाडून वापरली होती. माझ्या पुडीवर माझ्याच टायपिंगमध्ये लिहिलं होतं, 'शोभेस बाधा'. आत एकच काटा, सरपंचांच्या टायरमधून निघालेला. तो अजून पाकिटात आहे, प्लॉट दाखवताना कधी कधी टोचतो.

ही हकिगत सांगताना मी इकडचं तिकडचं काही वाढवलं असेल. डेमूचा तिसरा डबा असेल, गुऱ्हाळवाल्याची काहिल असेल, सरपंचांची बुबुळं असतील. फांद्या मात्र आठच होत्या.